भवानीची उधारी

पांचाळ सरांना उद्घाटनाला बोलवायचं नाही, हे आमच्या जिल्ह्यातल्या नव्या दुकानदारांचं जणू ठरूनच गेलं होतं. पत्रिका छापायची, ग्रुपवर टाकायची, सरपंचाच्या मेव्हण्यापासून फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीपर्यंत सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण द्यायचं. आणि ज्या माणसानं कर्जाचं प्रकरण तयार करून दिलं, बँकेच्या बाकावर सोबत केली, त्याला आठवड्यानं फोन करून सांगायचं, "सर, लई घाईत झालं हो सगळं." सर म्हणायचे, "असू दे, असू दे. धंदा कसा हाय ते सांग."

कारण एकच. सर आले की भवानीच्या वेळी उधारी मागायचे.

दिवसातल्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, हे कुणाला सांगायला नको. पण तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं हा शब्द नुसता शब्द राहत नाही. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे देवीचं पाऊल. त्याला रिकाम्या हातानं परत लावायचं नाही, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, त्याची नोट आधी कपाळाला लावायची आणि मग गल्ल्यात टाकायची. त्यात नव्या दुकानाची पहिलीच भवानी असेल तर विचारूच नका. आणि नेमकं तेव्हाच, फीत कापून झाली की, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले सर गर्दीतून पुढं यायचे, एखादी वस्तू उचलायचे आणि साऱ्या पाव्हण्यारावळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "एवढं घेतो बरं का. पैसे मागाहून देतो."

मांडव गार पडायचा. द्यावं तर प्रशिक्षणात सरांनीच घोकून घेतलेलं सगळं पाण्यात. न द्यावं तर ज्यानं कर्ज मिळवून दिलं त्यालाच तोंडावर नाही म्हटलं, असं गाव बोलणार. वर भवानी परत लावल्याचं पाप. बहुतेक जण देऊन टाकायचे. मग सर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत यायचे, पैसे मोजून ठेवायचे आणि म्हणायचे, "मी परत आलो. बाकीचे येणार न्हाईत. ध्यानात ठेव." जो नाही म्हणायचा, त्याच्या दुकानात ते वस्तू होती तिथं ठेवायचे आणि पेढा न घेता निघून जायचे. हळूहळू चालत. गुडघे दुखत असतील, असं लोक म्हणायचे.

त्यामुळं लोकांनी तिसरी वाट काढली. बोलवायचंच नाही.

मी सारिका. धनगराची पोर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी हे सांगत सुटते असं गावातले काही जण म्हणतात. सांगते. का सांगू नये? बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, गावात पेढे वाटले नाहीत. शेळ्यांना मक्याची कणसं घातली. म्हणाले, "ह्यांच्या जिवावर शिकलीस. आधी त्यास्नी." पुढं स्पर्धा परीक्षा दिल्या, त्या माझ्या झाल्या नाहीत. लग्नाची स्थळं यायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. आमच्या भागात घरटी शेळ्या आहेत, पण सरकी पेंड म्हणा, भरडा म्हणा, जंताचं औषध म्हणा, त्यासाठी माणसं कळंबला नाहीतर बार्शीला जातात. येरमाळ्याला हायवे आहे, बाजार आहे, येडाई देवीच्या दर्शनाला बारमाही वर्दळ आहे. तिथं पशुखाद्याचं दुकान का नसावं?

जिल्ह्याच्या गावी तरुणांना धंद्याचं मोफत प्रशिक्षण देणारी एक संस्था होती. राहायची सोयही तिथंच. पांचाळ सर तिथं कंत्राटावर शिकवायचे. पहिल्या तासाला त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, धंदा का करायचा? सगळ्यांनी पाठ केल्यासारखं एकच सांगितलं, "स्वतःच्या पायावर उभं राहायचंय."

सर म्हणाले, "उभा तर बगळाबी राहतो. एका पायावर. मासा घावतो का, ते बोला."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "सर, माझ्या घरी शेळ्या आहेत. त्यांच्या खुराकासाठी आबा एक दिवस मोडून कळंबला जातात. आमच्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांचा तो मोडलेला दिवस मला त्यांनाच परत विकायचाय."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "नाव काय तुझं?" एवढंच. पण त्यानंतर ते वर्गात काही अवघड विचारायचं झालं की आधी माझ्याकडं बघायचे.

त्यांची शिकवण्याची भाषा पुस्तकातली नव्हती. फळ्यावर ते 'भांडवल', 'खेळतं भांडवल', 'परतफेड' असे शब्द सुबक अक्षरात लिहायचे आणि मग खडू ठेवून आपल्या बोलीत शिरायचे. "बँक म्हंजी सासू. तिला खूश करायच्या फंदात पडू नका, वेळेवर भाकर वाढा, बास." "अनुदान म्हंजी गळ्यातला हार. फोटोपुरता. हार खाऊन कुनाचं पोट भरलंय का?" आणि उधारीचं तर त्यांचं ठरलेलं होतं: "उधारी ही पाव्हणी न्हाय रे, घरजावई हाय. एकदा आली की जायचं नाव न्हाय, आन् वरून मानबी तिलाच द्यावा लागतो." पोरं हसायची. सर हसायचे नाहीत. हसू ओसरेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहायचे.

माझं प्रकरण बँकेत गेलं आणि अडकलं. कागद सगळे चोख होते. गाळ्याचा करार होता, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं, आणि स्वतःचा हिस्सा म्हणून भरायच्या रकमेसाठी आबांनी कळपातल्या दुभत्या, निवडक शेळ्या विकल्या होत्या. म्हणजे दुकान बुडालं असतं तर मागं सावरायला पुरेसा कळपही नव्हता. हे मला कळत होतं, आबांना माझ्याहून जास्त कळत होतं, आणि घरात कुणी त्यावर बोलत नव्हतं.

बँकेत जायच्या प्रत्येक खेपेला सर माझ्यासोबत यायचे. पण साहेबांच्या केबिनमध्ये कधी आले नाहीत. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, तुम्ही दोन शब्द बोललात तर काम होईल ना."

"होईल," ते म्हणाले. "पण मी बोललो तर कर्ज माझं होईल. तू बोललीस तर तुझं. जा आत."

आत साहेबांनी शेवटी मनातलं बोलून दाखवलं. "ताई, तुमचं सगळं ठीक आहे. पण उद्या तुमचं लग्न होणार, तुम्ही जाणार सासरी. मग दुकान कोण बघणार? आमचं कर्ज कोण फेडणार?"

मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं, "साहेब, उद्या तुमची बदली होणार. मग ही शाखा बंद पडते का?"

केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर सरांना जोराचा ठसका लागलेला मला ऐकू आला. साहेब हसले आणि त्यांनी फाइल पुढं ओढली. माणूस वाईट नव्हता. त्याला तसं कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "बोललीस ते खरं. पर इतकं खरं बँकेत बोलत न्हाईत, लेकी." आणि कितीतरी वेळ स्वतःशीच हसत चालले. मी त्यांना इतकं हसताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

उद्घाटनाला सरांना बोलवायचं का, हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही. सोबतच्या पोरींनी फोनवर बजावलं, "येडी हायेस का? भर मांडवात इज्जत काढतील." मी म्हटलं, काढू देत. ज्यानं बाक झिजवला तो माणूस नाही तर दुकान कुणासाठी उघडायचं?

सर आले. नेहमीचा पांढरा शर्ट, नेहमीची पिशवी. आबांनी फीत कापली. मायनं येडाईचा कुंकवाचा करंडा गल्ल्यापुढं ठेवला होता. चुलते, मावश्या, गावची माणसं, सगळी दारात दाटून उभी. सर पुढं आले. पोत्यांवरून नजर फिरवली. शेळ्यांच्या गळ्यात बांधायच्या पितळी घंट्या मी एका खिळ्याला अडकवल्या होत्या, त्यातली एक त्यांनी काढली, कानाशी धरून वाजवून बघितली.

"झकास हाय. ही घेतो. पैसे मागाहून देतो."

कुणीतरी मागून फिसकन हसलं. सरांकडं शेळी सोडा, कोंबडीसुद्धा नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या नजरेत थट्टा नव्हती. मला एकदम माझ्या विकलेल्या शेळ्या दिसल्या. त्यांच्याही गळ्यात घंट्या होत्या. आबांनी विकताना सोडवून घेतल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "सर, उधारी नाही."

"भवानी हाय, लेकी. परत लावतीस?"

"भवानी आहे म्हणूनच."

सरांनी घंटी खिळ्याला अडकवली. ती थोडा वेळ हलत राहिली. ते वळले, चपला घातल्या आणि रस्त्याला लागले. मांडवात कुजबुज उठली. माझा चुलता मोठ्यानं म्हणाला, "शिकल्याली पोरगी! भवानीलाच बाहेर काढलं!" बरोबर केलं हे कळत होतं आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात माय पायऱ्या उतरली. डोक्यावरचा पदर सावरत, भर रस्त्यात, परक्या माणसाला तिनं हाक मारली. "ओ सर! थांबा की!"

सर थांबले.

"गिऱ्हाईक गेलं," माय म्हणाली. "आता पाव्हणं म्हनून या. चहा टाकलाय."

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "बाई, उद्घाटनाला म्या मागं न्हाय फिरत कधी."

"का? कुनी बलिवलं न्हाय म्हनून का?"

सर वळले. ते परत आले आणि सरकी पेंडीच्या पोत्यावर बसले. बशीत ओतून चहा प्यायले, मागून आणखी घेतला. मायनं पेढा पुढं केला आणि म्हणाली, "पन सर, एक सांगू का, राग मानू नका. तुमी म्हनता भवानीला उधारी न्हाय. मग नवस म्हंजी काय हो? आधी ती देती, मागनं आपुन फेडतो. उधारीच की ती!"

सरांनी पेढा हातातच धरला. "बाई, ती देवी हाय. तिला परवडतं."

"तिला परवडतं, कारन मानूस परत येतंय तिच्याकडं," माय म्हणाली आणि रिकामी बशी उचलून आत गेली.

त्या दिवशी पोत्यावर बसून सरांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्याआधी आणि त्यानंतर पुन्हा कधी त्यांनी ती सांगितली नाही. ते मूळचे नळदुर्गचे, सुतारकाम करणाऱ्या घरातले. तरुणपणी कर्ज काढून हायवेला फर्निचरचं दुकान टाकलं. पहिलं गिऱ्हाईक सख्खा मामा. नवा कोरा दिवाण पसंत केला आणि म्हणाला, भवानी हाय, न्हाय म्हनू नगं, पैसे सुगीला देतो. मामाला दिलं म्हणून मावशीला द्यावं लागलं, मावशीला दिलं म्हणून तिच्या दिराला. सरांची सोयरीक ठरली होती. मुलीचा बाप दुकान बघायला आला तेव्हा गाळा मोकळा होता.

"त्यानं इचारलं, दुकान कुठंय? म्या म्हनलं, लोकांच्या घरात हाय." सर हे सांगून हसले. आबा हसले नाहीत. सोयरीक मोडली ती मोडलीच; सरांनी पुन्हा लग्नाचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर सर समोर उभे. रोख पैसे दिले आणि तीच घंटी घेतली. मी नोट कपाळाला लावली. "सर, बांधणार कुणाला?" "दाराला," ते म्हणाले.

पुढं संस्थेचं शिकवणं बरंचसं मोबाइलवर गेलं, सरांचं कंत्राट कुणी वाढवलं नाही. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. पगार थांबला तेव्हा त्यांना कळलं. मग त्यांनी एक नवीन काम काढलं. कुणी सांगितलेलं नसताना, ज्येष्ठांच्या सवलतीच्या तिकिटावर एसटीनं जिल्हाभर फिरायचं आणि आपल्या पोरांची दुकानं बघायची. आज वाशी, उद्या उमरगा, परवा भूम. पण त्यांना बघून पोरांना आनंद व्हायचा असं नाही. ज्यांचं दुकान बुडालं होतं ते लाजेनं तोंड चुकवायचे, आणि ज्यांचं चाललं होतं ते उपकाराच्या ओझ्यानं. एकानं तर त्यांना लांबून येताना बघून शटर अर्धं खाली ओढलं. हे सरांनीच मला सांगितलं; वर म्हणाले, "अर्धंच वढलं गं. म्हंजी धंदा चालू हाय."

बाजारच्या दिवशी मात्र ते येरमाळ्याला यायचेच. येताना पिशवीत कधी केळी, कधी मायसाठी पानाचं साहित्य. पोत्यावर बसायचे. दुपारी माय डब्यातली भाकरी त्यांच्यापुढं करायची. गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिघं गप्प बसून हायवेवरच्या गाड्या बघायचो. बडबड्या माणसाची सोबत असते तशी गप्प माणसाचीही असते, हे मला त्यांच्यामुळं कळलं. उठताना ते ठरल्यासारखं विचारायचे, "हप्ता गेला का?" मी "गेला" म्हटलं की, "मग मी जातो." जसं काही एवढंच विचारायला आले होते.

एकदा जिल्ह्याच्या गावी काम निघालं म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेले. गल्लीच्या टोकाला, जिन्याखालची एक खोली. दाराच्या कडीला ती पितळी घंटी बांधलेली. मी दार ढकललं तशी वाजली, आणि आत सर इतक्या घाईनं उठले की खुर्ची मागं पडली.

"तू व्हय! ये, ये. बस. चहा घेशील? दूध आणतो."

मी म्हटलं, "सर, घंटी छान वाजते. येतं का कुणी?"

"येतो की. वारा येतो. रोज येतो," ते म्हणाले. "एक हप्ता चुकवत न्हाय."

दूध आणायला ते गेले आणि बराच वेळ आले नाहीत. नंतर कळलं, ते दुधासोबत मिठाईच्या दुकानात जाऊन पेढे, फरसाण, बिस्किटं असं काय काय घेत बसले होते. सगळं माझ्यापुढं मांडलं. मला शेवटची बस गाठायची होती. ते स्टँडपर्यंत सोडायला आले आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. "मायला सांग, चहा लई भारी करते ती," असं त्यांनी मला त्या दिवशी तीनतीनदा सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सर गेले. झोपेतच. घरमालकानं कळवलं, कुणीतरी ते आमच्या जुन्या प्रशिक्षणार्थींच्या ग्रुपवर टाकलं. आणि मग ग्रुपवर हात जोडणाऱ्यांची रांग लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'सर, तुमच्यामुळं घडलो', 'मार्गदर्शक हरपला', फुलं, समया, जोडलेले हात. मी आणि आबा मिळेल त्या गाडीनं निघालो. वाटेत माझा फोन सारखा थरथरत होता. पोचलो तर दारात लातूरहून आलेला एक भाचा, घरमालक आणि गल्लीतली थोडी माणसं. स्मशान लांब होतं. खांदा बदलायला माणूस मिळेना. आबा एकदा पुढं लागले ते तसेच शेवटपर्यंत राहिले. आयुष्यभर आजारी करडं खांद्यावर वाहिलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांची मान वाकलेली मी पहिल्यांदा बघितली. मीही मागून चालत गेले. बाईनं येऊ नये असं कुणी म्हणालं नाही. म्हणायला माणसं तरी कुठं होती? फोन तोवर थरथरतच होता. शेवटी मी तो बंद केला.

परतताना भाच्याला विचारून मी कडीची घंटी सोडवून आणली. मायनं ती हातात घेऊन पदरानं पुसली.

"लोकं म्हनायची, अपशकुनी हाय, भवानीला उधारी मागतंय," ती म्हणाली. "त्यास्नी वस्तू कुठं पायजे व्हती, बाय? ज्यानं उधारी दिली, त्याच्याकडं दुसऱ्या दिशी परत जाता यायचं त्यास्नी. ज्यानं न्हाय दिली, तो शिकला. पन तिथलं जानं खुंटलं."

ज्यांना त्यांनी नीट शिकवलं, त्यांच्याच दारात त्यांना पुन्हा जायला काही निमित्त उरत नव्हतं, हे माझ्या बी.कॉम.मध्ये कुठं बसत नव्हतं.

माझं कर्ज फिटलं. दुकानाशेजारचा गाळाही घेतला, आबांच्या कळपात पुन्हा शेळ्या आल्या. आता संस्थेवाले मला बोलावतात, नव्या पोरापोरींशी बोला म्हणून. नळदुर्गचा नितीन त्यातलाच. दुचाकी दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं दुकान टाकायचं होतं त्याला. त्याचं प्रकरण अडलं तेव्हा मी त्याच्यासोबत बँकेत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. "ताई, तुम्ही बोला ना आत," असं तोही म्हणाला होता.

मागच्या महिन्यात त्याचं उद्घाटन झालं. हायवेला, किल्ल्याकडं वळणाऱ्या रस्त्याच्या अलीकडं. फीत मीच कापली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, नितीनच्या आईनं मला ओटी भरून साडी दिली. मग दुकानात गेले, फळीवरचा इंजिन ऑइलचा डबा उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा घेते रे. पैसे मागाहून देते."

मांडव गार पडला. नितीनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याची आई डोळ्यांनी त्याला खुणावत होती, दे, दे. तो माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघत होते आणि मनातून मला काय हवं होतं ते खरंच सांगता येणार नाही.

"ताई," तो म्हणाला, "आज उधारी जमायची न्हाय."

मी डबा फळीवर ठेवला. चपला घातल्या. मागं कुणीतरी बोललं, "काय बाई हाय! आत्ताच साडी घेतली की!" मी रस्त्याला लागले. आणि माझ्या ध्यानात आलं की मी हळूहळू चालतेय. माझे गुडघे चांगले आहेत. पण पाय उचलत नव्हते. मागून कुणी हाक मारली तर ऐकू यावी एवढ्याच वेगानं मी चालत होते. मागं स्पीकरवर गाणं लागलं. त्या आवाजात कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती, असं मी स्वतःला सांगितलं.

स्टँडसमोरच्या गाड्यावर चहा घेतला. नोट पुढं केली. चहावाला म्हणाला, "सुट्टे न्हाईत ताई, आन् स्कॅनर सकाळपास्नं बंद हाय. ऱ्हाऊ द्या. पुढल्या खेपेला द्या."

"मी इथली नाही हो. येरमाळ्याची आहे."

"मंग काय झालं?" त्यानं माझ्याकडं न बघताच दुसऱ्याचा पेला भरला. "येशाल की."

तुळजापूरकडं जाणारी बस आली. मी नोट परत पर्समध्ये ठेवली आणि चढले. नळदुर्गला एकदा यायला पाहिजे आता.